चौकशीची खिडकी

शनिवार, २१ जानेवारी २०१७

प्रिय गुंजन,

तुझं नाव मी कुणालाही विचारलेलं नाही, हे आधी सांगून टाकते. ते तुझ्या डब्यावर कोरलेलं आहे. 'चि. गुंजनला, मोहनमामाकडून, दिवाळी २००९.' स्टीलचा दोन खणांचा डबा, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला. मंगळवारी सकाळी तो तू नगरपालिकेच्या काउंटरवर विसरून गेलीस. आणि मी तीच, खिडकी क्रमांक सातवरची, चष्मा गळ्यात लटकवणारी बाई, जिच्यामुळे तू उठून गेलीस. पत्र इथेच फाडून टाकावंसं वाटलं तर खुशाल फाड, पण त्याआधी दोन गोष्टी वाच. तुझ्या बेसमेंटमध्ये हीट नसल्याची तक्रार अजूनही करता येते. आणि त्या सकाळी तुझ्याबद्दल कुठल्याही कागदावर किंवा कॉम्प्युटरवर एक अक्षरही नोंदलं गेलेलं नाही. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी चालेल. पुढचं बरंचसं माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे, आणि मला थोडक्यात लिहिता येत नाही.

मंगळवारी काय झालं ते तुला माहीत आहेच, पण काचेच्या माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते सांगते. तू आत आलीस आणि दाराशी बूट पुसत राहिलीस. इतक्या मन लावून इथे कोणी बूट पुसत नाही, म्हणून माझं लक्ष गेलं. तीन खिडक्या रिकाम्या होत्या, तरी तू माझ्याकडे आलीस. घरून ठरवून आणल्यासारखं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलंस. नाताळच्या आठवड्यापासून हीट नाही, थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर आहे, वरचे अंकल तो लावत नाहीत, कोट घालून झोपावं लागतं. सांगता सांगता दोनदा खोकलीस. मग आवाज खाली आणून विचारलंस, की ही खिडकी इमिग्रेशनशी बोलते का. तक्रार केलीस तर इमिग्रेशनला फोन करीन, असं अंकल म्हणाले होते. त्यावर मी आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं, वुई डोन्ट आस्क, आम्ही विचारतच नाही. ते ऐकून तुझे खांदे खाली आले. मी पाहिलं ते. तू फॉर्म ओढून घेतलास आणि पेन शोधायला पिशवीत हात घातलास. डबा काढून बाजूला ठेवलास, तरी पेन सापडेना, तेव्हा स्वतःशीच पुटपुटलीस, अगं बाई, गेलं कुठं.

तिथे माझं भान सुटलं. मराठी का गं तू, कुठली, आडनाव काय, कॉलेजला आहेस का, परमिट कधीपर्यंत आहे, पीआरला अप्लाय केलंस का, घरी हे माहीत आहे का. एका दमात सात प्रश्न, नंतर मी मोजले. ज्या तोंडानं इंग्रजीत सांगितलं की आम्ही विचारत नाही, त्याच तोंडानं मिनिटभरात मराठीतून सगळं विचारून मोकळी झाले. परमिट हा शब्द आला तेव्हा तुझा चेहरा बदलला, आणि तरी माझे पुढचे दोन प्रश्न घरंगळत बाहेर आलेच. तू फॉर्मची घडी घातलीस, खिशात टाकलीस, सॉरी आंटी म्हणालीस आणि गेलीस. सॉरी तू म्हणालीस, हे मला चार दिवस टोचतंय. मी हाक मारायला उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की हाक मारायला तुझं नावही मला माहीत नव्हतं.

ते कळलं दहा मिनिटांनी, डबा हातात घेतल्यावर. नियमाप्रमाणे विसरलेल्या वस्तू एका खोक्यात महिनाभर ठेवायच्या, पण खाण्याचं काही असेल तर संध्याकाळी टाकून द्यायचं. तो मोहनमामांचा डबा कचऱ्यात कसा जाऊ देणार? मी घरी आणला. आणि आता खरं सांगते, उघडला. आत दोन पोळ्या होत्या आणि शेंगदाण्याची सुकी चटणी. पोळ्या वातड झाल्या होत्या, चटणी मात्र मी चाटूनपुसून खाल्ली. लसूण जरा जास्त होता, पण कांडून केलेली होती, मिक्सरमधून काढलेली नव्हती. बेसमेंटमध्ये राहून खलबत्ता बाळगणारी मुलगी कोण असेल, याचं मला भारी कुतूहल वाटलं. चटणीवरून तू कुठली आहेस हेही साधारण कळलं, पण सांगणार नाही. प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरवलंय तर उत्तरंही स्वतःशीच ठेवायला हवीत.

तू माझ्याच खिडकीवर का आलीस, हेसुद्धा मला ठाऊक आहे. माझ्या काचेवर कोपऱ्यात एक स्टिकर आहे, इथे कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात त्याचा. वर पंजाबी, तामिळ, अरबी, आणि सगळ्यांत खाली मराठी. ते मराठी मी भांडून लावून घेतलंय. साहेबलोक म्हणत होते, की हिंदी आहे ना, मग वेगळं कशाला. मी पाच महिने त्यांच्या मागे लागले. सात वर्षं झाली या खिडकीला, या सात वर्षांत त्या स्टिकरमुळे मराठी बोलायला एकही माणूस आला नाही. इथले मराठी लोक आपले फाडफाड इंग्रजी बोलून, टॅक्स भरून निघून जातात. कधी कधी वाटायचं, पुसून टाकावं ते खालचं नाव. आणि एक दिवस, अगं बाई, गेलं कुठं. तुला कल्पना नाही मला किती आनंद झाला होता. पण तो आनंद तुझ्यापर्यंत पोचला तो प्रश्नपत्रिकेच्या रूपानं.

मी तुझ्याएवढी असताना नाही, पण तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असताना कॅनडात आले. चौऱ्याण्णव साली, सस्काटूनला. माझे यजमान संजय तिथे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होते. ते खाणीवर गेले की दिवसभर मी आणि बेसमेंटची एक हातभर खिडकी. त्यातून फक्त लोकांचे बूट दिसायचे, आणि बुटांवरून माणूस कोण असेल ते ओळखायचा खेळ मी खेळायचे. शेवटी कंटाळून एक दिवस सार्वजनिक वाचनालयात गेले. हातात पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, सगळं बाड. टेबलावरच्या बाईनं त्यातलं काहीच बघितलं नाही. तिला फक्त माझ्या नावाचं आणि तिथल्या पत्त्याचं एक पाकीट हवं होतं. पर्समध्ये बाबांचं नागपूरहून आलेलं पत्र होतं, त्याचं पाकीट तिनं पाहिलं आणि मला कार्ड दिलं. बाहेर बाकावर बसून विचार करत राहिले, की हिनं मला विचारलं कसं नाही, मी कोण, कशाला आले, किती दिवस राहणार? इतक्या साध्या गोष्टीवर माणसाचं काम होऊ शकतं? तिथून हे वेड लागलं बघ. कुठलं ऑफिस काय विचारतं, आणि का विचारतं, हे बघायचं. पुढे आम्ही इकडे आलो, मुलगी मोठी झाली, आणि मी नगरपालिकेत लागले ते याच कुतूहलापायी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कौन्सिलनं ठराव केला. शहराची सेवा मागायला आलेल्या माणसाला, कायद्यानं भागच पडत नसेल तर, या देशात तो कोणत्या कागदावर आहे हे विचारायचं नाही. मग आम्हा काउंटरवाल्यांचं ट्रेनिंग झालं. मला वाटलं होतं, दिवसभर भाषण ऐकावं लागणार. पण शिकवायला आलेल्या बाईनं आमचेच जुने फॉर्म टेबलावर मांडले आणि प्रत्येकाच्या हातात लाल पेन दिलं. एकेक प्रश्न वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, हे मला कशासाठी हवंय? उत्तर नसेल तर प्रश्नावर काट. गुंजन, काय काय निघालं म्हणून सांगू! मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला आईवडिलांचा पासपोर्ट नंबर. रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार करणाऱ्याचं नागरिकत्व. कुत्र्याच्या परवान्यावर तर जन्मदेश असा रकाना होता, आणि तो कुत्र्याचा की मालकाचा हे कुणालाच सांगता येईना. वर्षानुवर्षं लोक ते भरत होते आणि आम्ही निमूटपणे कपाटात ठेवत होतो. त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली, पण घरी येताना मी गंभीर झाले. केवळ रकाना आहे म्हणून किती माणसं आमच्या दारातून परत गेली असतील, याचा हिशेब कुठल्याच कपाटात नव्हता.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. माझे बाबा, भीमराव, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. नागपूरला महानगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर त्यांनी तीस वर्षं काढली. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले, मी तर आयुष्यभर हेच केलं, ज्याला रकाना नाही तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही. मला लहानपणी त्यांचा राग यायचा. बाप मेल्याची नोंद करायला आलेल्या माणसाला दोन शब्द आपुलकीचे विचारले तर काय बिघडतं? ते फक्त नाव, तारीख, ठिकाण लिहून घ्यायचे आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचे. कोरडा माणूस, असं मी आईजवळ म्हणायचे. आई म्हणायची, मोठी झालीस की कळेल.

ते कळायला मला पुण्याला जावं लागलं. पंच्याऐंशी साल, टेलिफोन खात्यात ट्रेनिंग होतं आणि मी खोली शोधत होते. एका बाईंची खोली मला फार आवडली. खिडकीत बकुळीचं झाड, स्वतंत्र नळ. बाईंनी चहा ठेवला, किल्ली टेबलावर ठेवली, आणि गोड आवाजात चौकशी सुरू केली. नाव काय गं? प्रभा. आडनाव? मी सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून थांग लागत नाही. मग, म्हणजे मूळचे कुठले तुम्ही? तेही सांगितलं. मग, घरी कुलदैवत कोणतं? मी म्हटलं, आम्ही बौद्ध. चहा उकळत होता त्याखालचा गॅस बंद झाला, किल्ली कंबरेला गेली, आणि आपला पुतण्या पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे हे बाईंना एकदम आठवलं. अशा पाच खोल्या पाहिल्या मी. पाचही ठिकाणी पहिला प्रश्न प्रेमाचा असायचा. दुसऱ्यापर्यंत पुढचा कुठला येणार ते मला माहीत असायचं. अजूनही कुणी मराठी माणसानं आडनाव विचारलं की मी विषय बदलते, बावन्न वर्षांची आहे तरी.

आणि मी तुला आडनाव विचारलं. परमिटच्याही आधी, दुसऱ्या की तिसऱ्या श्वासात. मला खरंच काही शोधायचं नव्हतं गं, जीभ आपोआप वळली. पण त्या पुण्याच्या बाईंनाही कुणी विचारलं असतं तर त्या हेच म्हणाल्या असत्या, नाही का?

बुधवारी रात्री जेवताना माझी मुलगी मैत्रेयी हिचा फोन आला. ती ओकव्हिलला असते. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं छान चालतं. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मॉम, यू इंटरॉगेटेड हर. मला राग आला. मी म्हटलं, इंटरॉगेट काय, मी फक्त चौकशी करत होते. तिनं विचारलं, चौकशी म्हणजे काय? आता ती कॅनडात जन्मलेली, तिला समजावायला संजय पुढे सरसावले. हे मला घरात गमतीनं चौकशी खिडकी म्हणतात. ते सांगायला लागले, हे बघ बेटा, स्टेशनवर गाडी कधी येणार हे सांगणारी खिडकी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं चौकशी. आजीनं फोनवर तुझी खुशाली विचारली, तर आजीनं तुझी चौकशी केली. आणि पोलिसांनी एखाद्याला पकडून नेलं, तर त्याचीही चौकशी होते. मैत्रेयी म्हणाली, सेम वर्ड? संजय म्हणाले, हो, एकच. मी तिन्ही चौकश्या एका दमात केल्या होत्या. माहितीच्या खिडकीवर बसून आजीच्या मायेनं सुरुवात केली होती, पण तुझ्या कानावर पोचली ती तिसरीच.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच जाऊन सुपरवायझरला सांगितलं, की मी नियम मोडला. ती भली बाई आहे, पण तिनं ते माझ्या नावावर, तुझा उल्लेख न करता, लिहून घेतलं, आणि घेतलंच पाहिजे होतं. तिनं मला ट्रेनिंगमधलाच प्रश्न केला, की तुला ती माहिती कशासाठी हवी होती? मग तोंडातून निघून गेलं, की मला एकटं वाटत होतं. एवढं मोठं ऑफिस, चांगले लोक, आणि दिवसभर एक शब्द मराठी नाही. तुझी सगळी माहिती काढून मला तुला जेवायला बोलवायचं होतं, बस्स. पण माझ्या एकटेपणाचा खर्च तुझ्या खोलीतल्या थंडीनं का सोसावा?

आता कामाचं. तक्रार केलीस तर काय होतं ते आडपडदा न ठेवता सांगते. आमच्या शहराच्या नियमाप्रमाणे भाड्याच्या घरात थंडीत निदान वीस अंश तापमान लागतं. आधी अंकलना ऑफिसातून फोन जाईल. एका दिवसात हीट सुरू झाली नाही तर माणूस येईल आणि खोलीतलं तापमान मोजेल. कमी भरलं तर लेखी आदेश निघेल. तरीही ऐकलं नाही तर शहर आपला कारागीर पाठवतं आणि खर्च अंकलच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये चढवतं. त्यावर भल्याभल्यांचे थर्मोस्टॅट पटकन सुरू होतात. तुझं नाव त्यांना सांगितलं जाणार नाही. पण खोटा धीर देत नाही, बेसमेंटमध्ये राहणारं दुसरं कोणी नसेल तर त्यांना अंदाज येणारच. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढणं इथल्या कायद्यात बसत नाही, मग कागद कुठलेही असोत किंवा नसोत. ते धमकी देतात त्यासाठी फुकट सल्ला देणारे वकील आहेत, त्यांचा नंबर सोबतच्या कोऱ्या फॉर्ममागे लिहिला आहे. इमिग्रेशन हे ओटावाचं, म्हणजे केंद्र सरकारचं खातं, त्यांना अडवण्याची ताकद नगरपालिकेत नाही. आमच्या हातात एकच गोष्ट आहे. जे आम्ही विचारलंच नाही, ते आमच्याकडे लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलेलं नाही ते कुणी मागितलं तरी आम्ही देऊ शकत नाही. सस्काटूनच्या त्या बाकावर बसून मला जे कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर सापडायला एवढी वर्षं गेली.

तुझे कागद कसे आहेत मला माहीत नाही. कदाचित सगळं नीट असेल आणि तू नुसती घाबरली असशील. कदाचित नसेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुझ्या खोलीचं तापमान तेवढंच असणार, आणि तुझा खोकलाही. काल शुक्रवारी संध्याकाळी मी लताबेनच्या दुकानात गेले होते. डबा ज्या छोट्या पिशवीत गुंडाळला होतास, तिच्यावर त्यांच्या ग्रोसरीचं नाव होतं. डबा बघताच त्यांनी ओळखलं, हिंदीत म्हणाल्या, अरे, ये तो उस दुबली लडकी का है, शनिवारी शिफ्ट संपली की येते. आणि मग तू कुठे राहतेस, कुठे काम करतेस, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. गुंजन, मला ओळखणाऱ्या कुणालाही हे खरं वाटणार नाही, पण मी दोन्ही हात कानांवर ठेवले. लताबेन हसायला लागल्या. मी म्हटलं, उद्या डबा आणून देते, तेवढा तिला द्या, बाकी काही मला नको. आज शनिवार, तेव्हा दुपारपर्यंत पत्र घातलेला डबा त्यांच्याकडे पोचवते.

रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत तुलाही माहीत असेल. म्हणून वरच्या खणात बेसनाचे लाडू आहेत आणि खालच्या खणात हे पत्र, कोरा फॉर्म आणि एक छोटा थर्मामीटर. तो उशाशी ठेव, सकाळ-संध्याकाळ किती दाखवतो ते तारीख घालून लिही, आणि ते आकडे घेऊन येत्या गुरुवारी ये. सव्वीस जानेवारी, लक्षात ठेवायला सोपं आहे. खिडकी सातवरच ये. तिथे डॅरिल नावाचा माणूस असेल, न्यूफाउंडलंडचा, त्याचं इंग्रजी अर्धं मलाही कळत नाही. मराठी तर त्याला अजिबात येत नाही. तो तुला फक्त पत्ता आणि तापमान विचारेल. मी हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसले, की गुरुवारी मी तिथे नसेन. ड्यूटी बदलून घेतली आहे, दिवसभर मागच्या खोलीत जुने नकाशे स्कॅन करणार आहे, आणि तू आलीस की नाही हे डॅरिलला विचारणार नाही. फक्त ये.

तुझीच,
प्रभा

आडनाव सांगायला माझी काही हरकत नाही. पण ते तू विचारलंस तर.